पासंग

माइन नदीच्या या काठावर, द्राक्षमळे संपतात तिथे
आमचं गोदाम. खिडकी एकही नाही. दरवाजे अठरा,
आणि प्रत्येक दरवाज्याला पाठ लावून एकेक ट्रक.
खेळ येतात जपानहून, नुसते,
काळे, साबणाच्या वडीएवढे.
डबे इथले, पुस्तिका इथल्या,
आठ भाषांच्या आठ चळती.
खेळ एकच. आम्ही त्याला डच करतो, फिनिश करतो,
एक पातळ पुस्तिका आत सारून.

मी काट्यावर.
वीस डब्यांचं खोकं पट्ट्यावरून येतं,
हिरवा दिवा लागला की जातं.
या खेळात कंदील घेऊन निघालेला एक कोल्हा आहे म्हणे.
मी त्याला चाळीस हजार वेळा पाहिलंय
झाकणावरच्या त्याच एका उडीत.
तो खाली कुठे उतरतो, ठाऊक नाही.
घरी टिल विचारतो, आई, शेवटच्या दालनात काय असतं गं?
मी सांगते: दोनशे बारा ग्रॅम.
चिडतो.

दुसऱ्या पानावर आठही भाषांत एकच सूचना:
दर तासाला पंधरा मिनिटं थांबा, डोळ्यांना विसावा द्या.
गुलिझारने ती एबर्टला मोठ्याने वाचून दाखवली होती,
आधी जर्मनमध्ये, मग तोडक्या डचमध्ये.
एबर्ट म्हणाला, तुम्ही कुठे खेळताय?

तर गुरुवारी रात्री
शेवटचा ट्रक फिनलंडचा, सकाळी उत्तरेला त्याची बोट,
आणि काटा लाल.
उणे एकोणीस.

एकोणीस ग्रॅम म्हणजे पुस्तिका.
खोकं फोडलं. एकेक डबा तोलला.
बारावा हलका निघाला, हातालाच कळलं,
रिकाम्या शेंगेसारखा.
फिनिश चळत संपलेली. जमिनीवर फक्त पट्ट्या पडलेल्या.
उरली होती पोर्तुगीज, छातीएवढी.
ड्रायव्हरने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला.
एबर्टने घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलंच नाही.
म्हणाला, वजन तेवढंच आहे ना?
गुलिझार म्हणाली, एखादं पोर वाचतं हो.
वाल्डेमार काही बोलला नाही.
त्याने पुस्तिका घेतली, कोपरा दुमडला होता तो अंगठ्याने सरळ केला,
आणि आत ठेवली.

हिरवा.

काट्याला भाषा कळत नाही.

मग दारात, थंडीत, ट्रकचे दिवे वळणाआड गेल्यावर
वाल्डेमारने सिगारेट पेटवली आणि सांगितलं,
कुणी विचारलं नव्हतं तरी.
कारागांडात आम्ही जर्मन. शेजारीपाजारी तेच म्हणायचे,
चांगल्या दिवशी नुसतं, वाईट दिवशी थुंकून.
इथे उतरलो, तर छावणीत टेबलामागची बाई म्हणाली, बोला.
मी बोललो. आजीची जर्मन, दोनशे वर्षांपूर्वीची,
तिच्यात फ्रिजला शब्दच नाही.
बाई हसली. शिक्का मारला.
कागद पुरे होते.
तेव्हापासून इथे मी रशियन.

त्याने राख झटकली.
मला म्हणायचं होतं, तू काय पासंग आहेस का, वाल्डेमार,
कमी पडलं तिथे टाकायला?
पण असल्या गोष्टी मला त्या वेळी सुचत नाहीत,
काही महिन्यांनी सुचतात, बटाटे सोलताना.

त्या हिवाळ्यात परत आलेल्या मालाच्या पिंजऱ्यात
मी रोज डोकवायचे.
तुटलेली झाकणं आली, पाण्यात पडलेले खेळ आले,
एकात तर कुणाचा तरी दुधाचा दात आला.
फिनलंडहून तक्रार नाही.
बहुतेक कुणी उघडलीच नसेल ती, डब्याच्या तळाशी तशीच पडून.
किंवा तिकडे, दुपारी तीनला अंधार पडतो अशा गावात,
एखादी पोरगी पोटावर पालथी पडून
न कळणारं ते दुसरं पान
मोठ्याने वाचत असेल, मंत्रासारखं,
कोल्ह्याला उडी मारायला लावण्याआधी.

टिलला हे सांगितलं.
तो म्हणाला, पण मग तिला उडीचं बटण कसं कळलं?