गुरुवारची हवा

सोमवारी बत्तीस.
मंगळवारी तीस आणि थोडं वर.
बुधवारी अठ्ठावीस.
गुरुवारी एकतीस.

इथे मी थांबले.
पुढचं डावं चाक, पार्किंगमधला मिणमिणता दिवा,
हातात कंपनीतून आणलेला गेज.
हवा जाते, हे समजू शकतं.
हवा परत येते?

एकोणीस वर्षं सातपूरला व्हॉल्व्ह तपासते मी.
टाकीत बुडवायचा, दाब द्यायचा, श्वास धरून बघत राहायचं
मोहरीएवढा बुडबुडा कुठून सुटतो.
सुटला की लाल खडू, तारीख, सही,
आणि 'कारण' या रकान्यात एकच शब्द:
चीर. रेती. वायसर.
रिकामा रकाना साहेब परत पाठवतात.

घरच्या वहीत मात्र आकडे भरत गेले, रकाना रिकामा.
त्र्यंबक नाक्यावरच्या पोराने व्हॉल्व्हला थुंकी लावली,
म्हणाला, काही नाही.
पेट्रोल पंपावरचा म्हणाला, थंडी ताई,
निफाडला पारा बघा कुठे उतरलाय.
थंडीने चारही उतरतील की,
एकटं हेच का गारठतं?
आणि गुरुवारी बरं कसं वाटतं त्याला?
शेजारच्या पगारवहिनी म्हणाल्या, दत्ताचा वार.

शनिवारी रजा टाकून शकूरकडे गेले,
आयटीआयच्या पुढे, कडुनिंबाखाली.
अर्धा कापलेला निळा पिंप, त्यात काळं पाणी.
त्याने चाक बुडवलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं.
टायर मुका.
मग त्याने बिडी विझवली
आणि आम्ही दोघं त्या पाण्यावर ओणवे,
विहिरीत पडलेली अंगठी शोधावी तसे.
रबर जिथे लोखंडाला टेकतं
तिथे एक बुडबुडा आला.
चिकटून राहिला. मोठा व्हायला वेळ घेतला.
सुटला.
बऱ्याच वेळाने दुसरा.

"पंचर नाय मॅडम. रिम बसलीये. कुठेतरी ठोकलीय."
मी नाही ठोकली.
त्याने चिंधीने पुसलं. अंगठ्याएवढा पोचा,
पोच्यात पिवळा रंग, कडेला काळा.
गोविंदनगरचा दुभाजक.

पाना शोधताना सीटखाली कागद सापडला,
तेलकट, मखमलाबाद रोडवरचा:
मिसळ १. पाव जादा १. ताक १.
तारीख मोतीबिंदूनंतरच्या अकराव्या दिवसाची.
डॉक्टरांनी मामंजींच्या दोनच गोष्टी बंद केल्या होत्या,
तिखट आणि स्टिअरिंग.
मिसळ एक.
म्हणजे सोबत कुणी नव्हतं.

गुरुवारी माझी पहिली पाळी.
पहाटे कंपनीच्या बसने जाते, गाडी घरीच.
आणि जिन्याखाली सायकलचा पंप आहे,
सायकल विकली तरी कुणी टाकला नाही तो.
तीन पौंडांना किती हात मारावे लागतात?
शंभर तरी.
शहात्तर वर्षांचे गुडघे, मध्ये दम खायला बॉनेटला टेकून,
वर कुणाची खिडकी उघडत नाही ना, बघत.

शकूरने हातोडीने रिम सरळ केली, तीनशे घेतले.
मामंजी दारातच उभे. शर्टाची बटणं खालीवर.
"सापडलं का कारण?"
"खिळा होता."
"खिळा," ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला घेतला.
"रस्त्यावर काय काय पडलेलं असतं."
"हो ना."

रात्री वहीत लिहिलं: खिळा. तारीख. सही.
एकोणीस वर्षांत पहिलीच खोटी नोंद.

सोमवारी बत्तीस.
मंगळवारी बत्तीस.
बुधवारी बत्तीस.
गुरुवारी संध्याकाळी गेज लावला.
पस्तीस.

मी वर खिडकीकडे पाहिलं नाही.
नखाने व्हॉल्व्ह जरा दाबून धरला,
गार, रबराच्या वासाची हवा
बोटांवरून गेली.
चौतीसवर सोडून दिलं.