काळी दोन

पंचेचाळीसला गाते.
चाळीसला नाही, पन्नासला नाही.
ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गप्प,
पुन्हा ठेवला की मागून, सीटच्या खालून कुठून तरी
एक लांब, बारीक सूर.
काळी दोन, विश्राम म्हणतो.
पेटी सोडून एकोणीस वर्षं झाली, कान मात्र सोडले नाहीत त्याने.

त्र्याण्णवची पिकअप. लुइसटाऊन, मोंटाना.
मैलांचा आकडा दोन लाख अकरा हजारांवर अडकलाय,
त्यापुढचं देवाला माहीत आणि शेजारच्या व्हर्लिन हाउगेनला.
त्याने फाटकाशी उभं राहून मला तीन फेऱ्या मारायला लावल्या.
सुरात त्याला रस नव्हता.
"डिफरन्शियल," म्हणाला, आणि आधी टायर बघितले.
मागचा डावा नवा, ऑक्टोबरात पंक्चर झाला म्हणून घेतलेला.
उजवा जुना, नक्षी पुसलेला.
दोन्हींभोवती सुतळी फिरवून त्याने गाठी मारल्या
आणि सुतळी माझ्या हातात दिली.
दोन गाठींत तीन बोटांचं अंतर.

वळणावर बाहेरचं चाक जास्त चालतं, त्याने सांगितलं,
आतलं कमी.
मधले दात दोघांचं जमवून घेतात,
रस्ता सरळ झाला की विसावतात.
"तुझे विसावत नाहीत.
एक चाक मोठं, एक लहान,
म्हणजे सरळ रस्त्यावरसुद्धा ते बिचारे वळणावरच."

आमच्या लग्नात एका मामांनी भाषण केलं होतं,
संसाररथाची दोन चाकं वगैरे.
मधल्या दातांचं नाव काढलं नव्हतं.
हे व्हर्लिनला सांगावंसं वाटलं,
पण मामांपासून सुरुवात करावी लागली असती.
मी पाना मागितला.

दहा बोल्ट. नऊ आले, दहाव्याने दुपार खाल्ली.
झाकण सुटलं आणि तेल उतरलं
थंडीतल्या काकवीसारखं, घाईशिवाय,
वास मात्र नासक्या अंड्यांचा.
वरच्या हवेच्या नळीत कुंभारणीने मातीचं घर बांधलेलं.
श्वास कोंडला, म्हणून तेल चाकापाशी झिरपत होतं
आणि मी दोन वर्षं फरशी पुसत होते.

चुंबकावर राखाडी लोणी.
एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काचपट्ट्या वाचल्या,
सवयीने चिमटीत घेऊन चोळलं.
मऊ लागलं तर वय, टोचलं तर आजार.
टोचलं.
कापलेल्या नखाएवढी चकाकती कपची.
व्हर्लिनने दोन चष्मे बदलले.
"दाताची नाही. बेअरिंगची असेल.
कदाचित तुझ्या आधीच्या मालकाच्या काळातली."
किती चालेल?
"वीस हजार मैल."
आणि आपण?
तो झाकणाची कड खरवडत राहिला.

तेवढ्यात विश्राम चहा घेऊन आला,
मार्चमध्ये बसवलेला उजवा गुडघा टाकत,
आईने दिलेला डावा ओढत,
ठक् आणि सर्र, ठक् आणि सर्र.
व्हर्लिनने गुडघ्याकडे बघितलं, टायरकडे बघितलं,
चहात बघितलं.
विश्रामच आधी हसला:
"इन्शुरन्स एका वेळी एकच देतं."

नवा टायर स्टेपनीत गेला.
व्हर्लिनच्या कोठारातून तितकाच झिजलेला एक निघाला,
वीस डॉलर आणि डिंकाचे चार लाडू.
नवं तेल भोकातून ओघळेपर्यंत भरलं.
बोल्ट समोरासमोरचे, आळीपाळीने,
एकालाही एकदम आवळायचं नाही,
हे तो मला चार वेळा म्हणाला.
दहावा त्याने स्वतः बसवला.

संध्याकाळी मूरच्या रस्त्याने निघालो.
धान्याचा उंच कोठा मागे पडला, पुढे नुसतं कापलेलं गव्हाचं रान.
चाळीस. बेचाळीस. पंचेचाळीस.
आला.
खालून, जाडसर, घशात घोंगडं घेतल्यासारखा.
विश्रामने डोळे मिटले, मांडीवर बोटं ठेवली.
"पांढरी एक."
मग मैलभराने,
"किंवा माझे कान."

मी काटा पंचेचाळीसवरच ठेवला.