ऱ्हस्व-दीर्घ

आम्हा किरगिझांत पाण्याला सू म्हणतात. दीर्घ.
खालच्या अंगाला, कझाकांत, तेच सु. ऱ्हस्व.
चू नदी हद्द ओलांडते
तेव्हा एक मात्रा वाटेत कुठेतरी मुरते.
येर्केगाली म्हणतो, ती तुम्हीच अडवता.

मी बुर्माकान. धरणाच्या तिसऱ्या दारावर नोकरीला.
सकाळी सहाला पट्टीवरचा आकडा वाचते.
खाली अकरा किलोमीटरवर तो त्याची पट्टी वाचतो.
मग फोन.
"किती?" "बेचाळीस."
"माझ्याकडे एकोणचाळीस."
"उन्हानं आटलं असेल." "सकाळी सहाला?"
एवढंच आमचं परराष्ट्र धोरण.

वर्षातून दोनदा आयोग बसतो.
लांब टेबल, दोन झेंडे, मधोमध सुक्या जर्दाळूंची बशी.
धरण यांचं, पाणी दोघांचं,
म्हणून डागडुजीचा खर्चही दोघांचा,
हे एक वाक्य दोन भाषांत सारखं बसवायला
साहेबांना दोन दिवस लागले.
जर्दाळू पहिल्याच दिवशी संपले.
चहा मी भरत होते. मला कोणी विचारलं नाही
की दार उघडताना कसं कण्हतं.

त्याच वसंतात ते अडकलं.
त्यांचा वेल्डर यायचा ठरला, आलाही,
पण त्याचं यंत्र नाक्यावर तीन दिवस बसून राहिलं.
अर्जात दोनच रकाने: आयात, निर्यात.
उसनं, असा रकानाच नव्हता.
चौथ्या दिवशी शिपाई कंटाळला, म्हणाला, न्या.
वेल्डरनं गंजलेली बिजागरी कापली,
आमच्याकडे जेवला,
माझ्या सासूला तिच्या माहेरच्या गावची खबर दिली.
ते गाव आता त्यांच्यात आहे.
सासू रात्रभर जागी होती.

आषाढातल्यासारखं आभाळ इथे कधी भरत नाही.
जुलैत नुसतं तापतं.
एका रात्री दोनला फोन वाजला.
"बुर्माकान, एकतीस."
पुढे काही बोलला नाही. बोलण्यासारखं होतं, तरी.

टॉर्च घेऊन काठाकाठाने गेले.
दाराच्या खाली, वळणावर, बांध फोडलेला,
आणि पाणी चोरपावलांनी कांद्यात शिरलेलं.
फावड्यावर रेलून तोक्तोसून उभा. माझा चुलतभाऊ.
म्हणाला, नदी आपल्या डोंगरातली, ताई.
म्हणाला, त्यांचा एवढा पुळका?
कांद्याच्या पाती खरंच माना टाकून होत्या.
मी काही न बोलता त्याचं फावडं घेतलं.
थोड्या वेळाने तोही दगड आणून टाकू लागला.
शिव्या देत, पण मोठे मोठे दगड.

पहाटे वहीत कारणाच्या रकान्यात
मी लिहिलं: गाळ.
अक्षर जरा तिरकं आलं.

सहाला फोन. "चाळीस," तो म्हणाला. "काय होतं?"
"गाळ."
तारेवर थोडा वेळ नुसती खरखर.
त्याच्याही काठाला भाऊ असतील, कांदे असतील.
"बरं," तो म्हणाला, "मीही तेच लिहितो.
गाळाला सांग, कांदे निघाले की
एक पोतं इकडे पाठव."

सप्टेंबरात पाठवलं.
दोन दिवस नाक्यावर पडून होतं.
रकाना अजून आलेला नाही.