खिचडीच्या पातेल्यातली सारंगी

निबंधाच्या वह्या तपासून संपल्या.
बत्तीस जणांचा आवडता ऋतू एकच,
बत्तीस जणांच्या बागेत एकच मोर,
गाईडातून उडून आलेला.
बोरीकाठच्या या गावात
बाग मुळी एकाच्याही घरी नाही.

म्हणून मंगळवारी, दुसऱ्या सुट्टीनंतर,
उखाभाऊंकडून खिचडीचं पातेलं मागून घेतलं,
घासलेलं, रिकामं.
त्यात मोबाईल ठेवला उभा
आणि सारंगी लावली.
म्हटलं, यात शब्द नाहीत.
ते तुमच्याकडे असतील. बघा.

आधी हसले, पातेलं गातंय म्हणून.
मग हसणं आपोआप खाली बसलं,
हंड्यातला गाळ बसतो तसं.

"सर, जिनिंगचा भोंगा, लांबून."
"आतून कडी लावून बसलंय कुणीतरी."
"केळीचा ट्रक, रावेरचा, चढावर."
कल्पेश म्हणाला, मला तर नुसती भूक लागली.
फळ्यावर तेही लिहिलं.

मध्येच बँकेचा फोन आला.
सारंगी तुटली, पातेलं खणखणलं.
तनुजाच्या वहीत नंतर वाचलं:
'तो रडत होता, तेवढ्यात त्याला कामावर बोलावलं.'

दीपमाला दोन वर्षं माझ्या वर्गात.
हजेरीला हात वर करते, तोंड उघडत नाही.
उघडलं होतं एकदा, पाचवीत.
'मनी माय' म्हणाली होती,
आणि मीच म्हणालो होतो,
'माझी आई' म्हण.
मी विसरलो. ती नाही.

तिच्या पानावर एवढंच:
'कोनी तरी पायी पायी घर यी ऱ्हायनं,
आनि घर आजून दूर शे.'

लाल पेन हातात होतं.
'येत आहे' लिहिलं असतं
तर तो माणूस लगेच दारात पोचला असता.
'यी ऱ्हायनं' म्हटलं की
पायाखाली रस्ता उरतो,
धूळ उरते, एखादी चप्पल तुटते.
पेनाला टोपण लावलं.

म्हटलं, वाच.
उभी राहिली. पातेल्याकडे बघत राहिली.
मी सारंगी पुन्हा लावली, अगदी हळू,
सोबतीला.
वाचलं तिनं.
'दूर'पाशी जरा अडली,
की मुद्दामच थांबली, कळलं नाही.

मागच्या बाकावरून कल्पेश:
"कोन यी ऱ्हायनं वं?"

"माहीत नही," ती म्हणाली.
मग माझ्याकडे वळून,
"आजून वाजू द्या ना."

दारात उखाभाऊ,
पातेलं न्यायला आलेले,
तसेच उभे.