पत्रा

गाडी ऐरोलीच्या रेगेबाईंची, अकरा वर्षांची.
"आवाज करते थोडा," एवढंच म्हणाल्या.

थोडा म्हणजे
दिघ्याच्या सिग्नलला न्यूट्रलवर उभी राहिली
की पोटाखाली कुणीतरी
डब्यात चिल्लर हलवतंय.
शेजारचा रिक्षावाला वाकून बघायचा.

रबाळ्याला सेल्वम खाली सरकला,
फक्त चपला बाहेर.
"सायलेन्सरवरचा पत्रा. बोल्ट गंजून गेलाय.
काढून टाकू? बरेच जण टाकतात."
आणि मग?
"मग काय, धग थेट वर.
सुक्या गवतावर उभी नका करू."
नको, राहू दे.
त्यानं पाण्याच्या पाइपचा क्लॅम्प
पत्र्याभोवती फिरवून आवळला.
एकशेवीस रुपये. चहा त्याचाच.

ट्रान्सफरच्या फॉर्मवर एक सही राहिली होती.
रविवारी गेलो. बेल वाजताच
रेगेबाई दचकल्या.
"अहो, कधी आलात?"
मग ओट्याकडे बघत,
"हे वळणावर आले की आधण ठेवायचे मी.
जिना चढेपर्यंत उकळायचं."
गॅलरीतून खाली गाडी पाहिली त्यांनी.
"बंद केलात होय. बरं केलंत."

सही केली. चहा टाकला.
साखर विचारली नाही,
दोन चमचे निघाली.
मी घेत नाही.

प्यायलो.