डाव्या हातात

नियमावलीत छत्रीला साडेतीन ओळी आहेत.
काळी असावी, साधी, नक्षी नको,
मूठ चकाकणारी नको,
आणि धरायची ती डाव्या हातात;
उजवा सलामासाठी मोकळा.
मी भरती झाले त्या वर्षी
त्या ओळींच्या आधी एक शब्द होता:
महिलांसाठी.

बाबांनी, म्हणजे मास्टर सार्जंट रॉइस लेडबेटर,
सव्वीस वर्षं नोकरी, शाबूत गुडघा एकच,
चष्मा कपाळावर सरकवून तो शब्द वाचला.
"पाऊस तुझा वरिष्ठ आहे का, कोरीन,
त्याच्यासाठी हात वर करायला?"

न्यू रिव्हरच्या काठी पाऊस आडवा येतो,
पाइनच्या सुया घेऊन, खाडीचा कुबट वास घेऊन.
डेल काकाला पुरलं तेव्हा तो असाच होता,
आणि आम्ही दोघं गणवेशात.
ज्येष्ठाने उजवीकडून चालायचं, कनिष्ठाने डावीकडून,
हा दुसरा नियम.
छत्री माझ्या डाव्या हातात, बाबा उजव्या अंगाला.
म्हणजे ती ज्या खांद्यावर होती
तो त्यांच्यापासून सगळ्यात लांबचा खांदा.

मी मनगट वाकवलं, काठी तिरकी केली.
ते अर्धं पाऊल बाजूला सरकले,
माझ्याकडे न बघता,
कवायतीत रांग सरळ करतात तसे.

टोपीच्या चोचीवरून थेंब पदकांवर पडत राहिले.
गाडीत बसल्यावर त्यांनी रुमालाने पदकं टिपली,
तोंड नाही.
आईने टॉवेल पुढे केला, तो त्यांनी मांडीवर घडी करून ठेवला.
"साखरेचे नाही आपण."
मागच्या सीटवर मी होते. कोरडी.
आधी त्याची लाज वाटली.
मग त्या लाजेचा राग आला,
आणि तो बरीच वर्षं पुरला.

एका नोव्हेंबरात तो शब्द गेला.
एवढंच झालं. ओळी तशाच, शब्द नाही.
छावणीच्या दुकानातल्या काळ्या छत्र्या दुपारीच संपल्या.
बराकीत पोरं नुसतीच उघडमीट करत बसली,
एकाने उलटी टांगून तिच्यात मोजे भरले.

बाबा तोवर निवृत्त.
त्यांना कुठलीही चालली असती,
फुलाफुलांचीसुद्धा.
मी पाठवलेली त्यांनी टोमॅटोच्या रोपांवर बांधली.
"रोपं अजून भरती झालेली नाहीत," फोनवर म्हणाले,
"त्यांना सवलत."

फेब्रुवारीत त्यांना पुरलं.
आई आधीच गेलेली.
पेटी घेऊन सहा जण आले, बारा हात गुंतलेले.
रांगेतल्या माणसाला छत्री नाही,
तो भाग अजून आहे.
कुणी डोळ्यावरचं पाणीसुद्धा झटकलं नाही.

झेंड्याच्या तेरा घड्या झाल्या, त्रिकोण झाला.
अधिकारी माझ्यासमोर एका गुडघ्यावर टेकला.
झेंडा दोन्ही हातांनी घ्यायचा असतो.
तेव्हा डाव्या हातातल्या छत्रीचं काय करायचं
हे साडेतीन ओळींत कुठेच नाही.

मी सोडली ती.
उताणी पडली, गरगरत गेली
त्या खोट्या हिरव्या गवतावरून,
खुर्चीच्या पायाला अडली.
टूमी नावाचा एक लान्स कॉर्पोरल,
हनुवटीवरची मुरुमंसुद्धा न गेलेला,
मागून आला. उचलली, झटकली,
माझ्या डोक्यावर धरली.
डाव्या हाताने.
स्वतः बाहेर, अर्धं पाऊल.

त्याला सांगायला हवं होतं, आत ये.
माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

ओला झेंडा घडीत ठेवू नये, म्हणून रात्री
मी त्या तेराही घड्या उलगडल्या,
न्हाणीघरातल्या दांडीवर तो पसरला.
खाली टबात छत्री, उघडी.
छत्री सकाळी वाळली होती.
झेंड्याच्या शिवणी,
जिथे लाल पट्टी पांढरीला जोडलीय तिथे,
तिसऱ्या दिवशीही
हाताला गार लागत होत्या.