तिसरी गाठ

शाळेतून पत्र आलंय: शुक्रवारी व्हिक्टोरियन दिवस.
मुलांनी त्या काळच्या गिरणीतल्या पोरांसारखं यावं,
शक्यतो मळकं.
मिसेस हॅलिवेलनी खाली हसरा चेहरा काढलाय.

बर्नलीतल्या कितीतरी गिरण्यांचे आता फ्लॅट झालेत,
एकीत माझा डेंटिस्ट बसतो.
कालव्याच्या काठाने शाळेला जाताना
शाल्मली धुराडी मोजते. त्या वाटेवर एकच उरलंय,
तरी रोज मोजते.

मार्केटमागच्या मोठ्या दुकानात, जिथे टोपल्या
टबाएवढ्या असतात आणि कुणी काही उलटून बघत नाही,
पोशाख मिळाला. पिशवीवर लिहिलेलं:
गिरणीतला गरीब मुलगा, वय सात ते नऊ.
टोपी, वेस्टकोट, गुडघ्याला मुद्दाम ठिगळ लावलेली विजार.
साडेचार पौंड.
मी किंमत दोनदा पाहिली आणि पटकन रांगेत उभी राहिले.
स्वस्त सापडलं की माणूस जरा घाईतच असतो,
कुणीतरी चूक सुधारेल या भीतीनं.

रात्री ठिगळाचा एक कोपरा उसवलेला दिसला.
सुई घेतली, विजार उलटी केली.
आत
दोऱ्याला एकावर एक तीन गाठी.

मशीन अशी गाठ मारत नाही.
मोठं माणूसही नाही, त्याचा एका गाठीवर विश्वास असतो.

इचलकरंजीत आमच्या पत्र्याच्या खोलीत
भूपालअण्णांचे शर्ट गठ्ठ्यानं यायचे.
बटणं लावायची, डझनाला दीड रुपया.
मी आठ वर्षांची.
"तीनदा मार गं गाठ," आई म्हणायची,
"बटाण निघालं तर आख्खं डझन म्हागारी येतंय."
दोरा दातानं तोडायचा, कात्री एकच, ती आईकडे.
डेंटिस्टनं परवा विचारलं, पुढच्या दाताला ही खाच कशाची?
सवयीची, म्हटलं.
त्याच्या खुर्चीवरून छताची जुनी लोखंडी तुळई दिसते.

ते शर्ट कुणी घातले कुणास ठाऊक.
घासाघीस करून घेतले असतील,
घरी जाऊन म्हणाले असतील, बघ, किती स्वस्त.

नवरा म्हणतो, लहान पोरानंच शिवलंय कशावरून?
कशावरूनच नाही.
हा सगळा बाजार त्या एका 'कशावरून'वर तर उभा आहे.

परत करावं? पावती आहे, अठ्ठावीस दिवस आहेत.
पण म्हागारी हा शब्द मी लहानपणापासून ओळखते.
तो काउंटरपाशी थांबत नाही,
गोदाम, जहाज, मुकादम असा उतरत उतरत
शेवटी त्या खोलीत पोचतो
जिथे आई ओरडत नाही,
नुसत्या भाकरी मोजते.
आणि ठेवून घ्यावं,
तर पुढचा गठ्ठा तिथे मीच पाठवला.

मला उत्तर आलं नाही.
उसवलेला कोपरा शिवला. शेवटी
हात आपोआप तीनदा फिरला.

शुक्रवारी शाल्मलीच्या गालांना माझंच काजळ फासलं.
काजळीसारखं दिसेना, दृष्ट काढल्यासारखं दिसलं.
संध्याकाळी ती बक्षीस घेऊन आली, सर्वांत खरा पोशाख,
आणि दारातच सांगू लागली,
आई, तुला माहितीये, माझ्याएवढी मुलं यंत्राखाली शिरून
कापूस झाडायची, मग कायदा झाला,
मग सगळी शाळेत गेली.
बरं झालं ना, आता असं नसतं?

मी तिची विजार काढत होते.
ती उलटी झालीच होती हातात.
तिचं बोट धरलं, ठिगळाच्या मागे ठेवलं,
माझ्या गाठींवर नाही, त्याच्या शेजारच्या.

मोज, म्हटलं.

तीन, ती म्हणाली.
मग तिच्या सवयीनं
परत एकदा.